फायरवॉलचे नियम वाचणाऱ्या स्क्रिप्टमागचा गणितज्ञ: स्टीफन क्लेनी

एका कंपनीत पन्नास सर्व्हर आहेत. प्रत्येकावर फायरवॉल आहे, म्हणजे कोणाला आत सोडायचं आणि कोणाला दारातूनच परत पाठवायचं हे ठरवणारा रखवालदार. त्याच्याकडे नियमांची यादी असते. अमुक पत्त्यावरून आलेल्याला बावीस क्रमांकाच्या पोर्टवर येऊ द्या, बाकीच्यांना नको, अशी. ऑडिटच्या आधी कोणीतरी विचारतं की पन्नासपैकी नेमक्या किती सर्व्हरवर हे दार सगळ्या जगासाठी उघडं आहे?

एकेका सर्व्हरवर कमांड चालवून शेकडो ओळी डोळ्यांनी वाचायला आठवडा जाईल. म्हणून सिस्टिम अ‍ॅडमिन पायथनमध्ये छोटी स्क्रिप्ट लिहितो. ती कमांड चालवते, आलेला मजकूर ओळीओळीने तपासते आणि त्यातून पोर्ट, पत्ता, परवानगी की मनाई, एवढंच वेचून तक्ता बनवते. हे वेचण्यासाठी स्क्रिप्टमध्ये एक विचित्र दिसणारी ओळ असते. तिच्यात कंस, उभ्या रेघा, उलटे तिरके दंड आणि मधूनमधून * हे चिन्ह असतं. तिला रेग्युलर एक्स्प्रेशन म्हणतात.

तिच्यातला तो तारा ‘क्लेनी स्टार’ या नावाने ओळखला जातो. स्टीफन कोल क्लेनी हे विसाव्या शतकातल्या मोठ्या तर्कशास्त्रज्ञांपैकी एक. त्यांनी हा तारा कागदावर आणला तेव्हा फायरवॉल नव्हती, पायथन नव्हतं आणि इंटरनेटही नव्हतं. त्यांच्यापुढचा प्रश्न मेंदूतल्या पेशींचा होता.

हार्टफर्ड ते प्रिन्स्टन

क्लेनी यांचा जन्म ५ जानेवारी १९०९ रोजी अमेरिकेतल्या कनेटिकट राज्यातल्या हार्टफर्ड शहरात झाला. वडील अर्थशास्त्राचे प्राध्यापक होते आणि आई कविता लिहायची. शेजारच्या मॅसॅच्युसेट्स राज्यातल्या अ‍ॅमहर्स्ट कॉलेजातून १९३० मध्ये पदवी घेऊन ते प्रिन्स्टन विद्यापीठात गेले. मेन राज्यातल्या कौटुंबिक शेताशी मात्र त्यांचं नातं आयुष्यभर टिकलं. उन्हाळ्याच्या सुट्ट्या तिथे, आणि डोंगर चढण्याची आवड.

त्यांच्या आडनावाचीही एक गंमत आहे. बहुतेक लोक ते ‘क्लीन’ किंवा ‘क्लीनी’ असं वाचतात. ते स्वतः मात्र ‘क्लेनी’ म्हणायचे. हा उच्चार कोणत्याच ज्ञात भाषेच्या नियमांत बसत नाही, वडिलांनीच तो शोधून काढला असावा, असं त्यांच्या मुलाने नंतर नोंदवून ठेवलं.

प्रिन्स्टनमध्ये त्यांना गुरू मिळाले ते अलोंझो चर्च. चर्च तेव्हा सगळ्या गणिताला पाया देऊ शकेल अशी तर्कपद्धती तयार करत होते. तिच्या पोटातून पुढे ‘लॅम्डा कॅल्क्युलस’ नावाची गोष्ट बाहेर आली. आजच्या पायथनमध्ये लॅम्डा हा शब्द आहे, तो तिथूनच आलेला.

दातांच्या डॉक्टरकडे सुटलेलं कोडं

चर्च यांनी तरुण क्लेनी यांच्यावर सोपवलेलं काम ऐकायला साधं वाटतं. या पद्धतीत अंकगणित करता येतं का ते तपासायचं. अडचण अशी की चर्च यांच्या पद्धतीत संख्या म्हणजे ‘एखादी कृती किती वेळा करायची’ याची सूचना. तीन म्हणजे कृती तीनदा करा. यात बेरीज सोपी आहे, गुणाकारही जमतो. पण एक वजा कसा करायचा? केलेली कृती मागे घेण्याची सोयच पद्धतीत नव्हती. हे बहुधा अशक्यच असावं, असं चर्च यांनाही वाटू लागलं होतं.

१९३२ च्या सुरुवातीला क्लेनी अक्कलदाढ काढून घ्यायला डॉक्टरकडे गेले होते. तिथेच त्यांना उत्तर सुचलं. मागे जाता येत नसेल तर पुढे जातानाच मागची पायरी लक्षात ठेवायची. एका संख्येऐवजी दोन संख्यांची जोडी घेऊन निघायचं, ‘आत्ताची’ आणि ‘आत्ताच्या आधीची’. प्रत्येक पावलाला दोन्ही एकेकाने पुढे सरकतात. शेवटी ‘आत्ताची’ टाकून दिली की हातात उरते ती एक कमी असलेली संख्या.

ही युक्ती पुढे क्लेनी यांच्या सगळ्या कामात दिसत राहिली. यंत्राला एखादी गोष्ट जमत नाही असं वाटलं तर आधी विचारायचं, की त्याने वाटेत नेमकं काय लक्षात ठेवलं तर ती जमेल?

१९३४ मध्ये त्यांना डॉक्टरेट मिळाली. पण दुसऱ्या एका विद्यार्थ्याबरोबर, बार्कली रॉसर यांच्याबरोबर, काम करताना त्यांच्या हाती भलतंच लागलं. चर्च यांची मूळ पद्धत आतूनच विसंगत होती. तिच्यात एखादं विधान आणि त्याच्या उलटचं विधान, दोन्ही सिद्ध होऊ शकत होती. १९३५ मध्ये दोघांनी हे प्रसिद्ध केलं. गुरूच्या इमारतीचा पाया कच्चा असल्याचं दोन शिष्यांनी दाखवून दिलं. त्या पडझडीतून लॅम्डा कॅल्क्युलसचा भाग तेवढा शाबूत राहिला आणि चर्च यांनी तोच पुढे नेला.

यंत्राला काय जमतं, काय नाही?

त्या काळात गणितज्ञांना एक मोठा प्रश्न सतावत होता. ठरावीक पायऱ्यांनी, डोकं न वापरता करता येण्यासारखी आकडेमोड म्हणजे नेमकं काय? आज ज्याला अल्गोरिदम म्हणतात त्याची सीमा कुठे आहे?

चर्च यांनी दावा केला की अशी प्रत्येक आकडेमोड लॅम्डा कॅल्क्युलसमध्ये मांडता येते. क्लेनी यांना तो पटला नाही. ते दावा खोडून काढायलाच बसले. पण खोडण्यासाठी जी पायरी लागत होती, तीच यांत्रिकपणे करता येत नाही हे त्यांच्या ध्यानात आलं आणि एका रात्रीत ते या दाव्याचे समर्थक बनले. १९३६ मध्ये त्यांनी लॅम्डा कॅल्क्युलस आणि कुर्ट गोडेल यांनी मांडलेली पुनरावर्ती फलनांची व्याख्या, या दोन्हींची ताकद सारखीच असल्याचं दाखवलं. त्याच वर्षी इंग्लंडमध्ये अ‍ॅलन ट्युरिंग आपलं काल्पनिक यंत्र घेऊन वेगळ्याच वाटेने त्याच जागी पोहोचले. या दाव्याला ‘चर्चचा थीसिस’ हे नाव रूढ केलं ते क्लेनी यांनी.

१९३५ मध्ये ते विस्कॉन्सिन विद्यापीठात शिकवायला गेले. मॅडिसन शहर आणि हे विद्यापीठ हीच त्यांची कर्मभूमी ठरली. दुसऱ्या महायुद्धात ते अमेरिकेच्या नौदलात होते. न्यूयॉर्कमध्ये त्यांनी होऊ घातलेल्या अधिकाऱ्यांना समुद्रावर दिशा शोधण्याचं शास्त्र शिकवलं आणि नंतर वॉशिंग्टनच्या नौदल संशोधन प्रयोगशाळेत काम केलं. १९४२ मध्ये नॅन्सी एलियट यांच्याशी त्यांचं लग्न झालं. त्यांना चार मुलं झाली. युद्ध संपल्यावर १९४६ मध्ये ते मॅडिसनला परतले.

१९५१ चा उन्हाळा

१९५१ च्या उन्हाळ्यात कॅलिफोर्नियातल्या रँड या संस्थेने क्लेनी यांना बोलावलं. अमेरिकी हवाई दलासाठी संशोधन करणाऱ्या या संस्थेत तेव्हा गणितज्ञांची चांगलीच वर्दळ होती. तिथे त्यांच्या हातात एक शोधनिबंध आला. वॉरन मॅक्कलक आणि वॉल्टर पिट्स यांनी तो १९४३ मध्ये लिहिला होता. मेंदूतल्या पेशीचं त्यांनी एक अगदी सोपं प्रतिरूप बनवलं होतं. पेशी एका क्षणी एकतर पेटते किंवा पेटत नाही, आणि ते ठरतं तिच्याकडे आधीच्या क्षणी आलेल्या संदेशांवरून. अशा पेशी जोडून जाळं बनवायचं.

क्लेनी यांनी प्रश्न विचारला की असं जाळं काय काय ओळखू शकेल? बाहेरून संकेतांची एक लांब माळ येते आहे. ती माळ एका विशिष्ट प्रकारची आहे, एवढं तरी जाळ्याला सांगता येईल का? जाळ्यात वर्तुळं असली, म्हणजे एका पेशीचा संदेश फिरून तिच्याकडेच येत असला, तर काय होतं हा मूळ निबंधातला भाग त्यांना दुर्बोध वाटला. म्हणून त्यांनी तो बाजूला ठेवला आणि स्वतःच्या पद्धतीने सुरुवात केली.

पेशी कितीही असोत, त्यांची संख्या मर्यादित असते. म्हणून जाळं ज्या ज्या अवस्थांत असू शकतं, त्या अवस्थाही मर्यादित असतात. पंख्याचा रेग्युलेटर घ्या. तो बंद, एक, दोन, तीन, चार किंवा पाचवर असतो. तो आत्ता तीनवर आहे हे त्याला ‘माहीत’ असतं. पण सकाळपासून किती वेळा फिरवला गेला, हे त्याला सांगता येत नाही. त्याची आठवण म्हणजे त्याची आत्ताची जागा.

अशा मर्यादित आठवणीच्या यंत्राला काय ओळखता येतं, याचं क्लेनी यांनी दिलेलं उत्तर फार नेटकं होतं. फक्त तीन कृती पुरेशा आहेत. पहिली, एकापाठोपाठ एक: आधी हे, मग ते. दुसरी, किंवा: हे नाहीतर ते. तिसरी, पुन्हा पुन्हा: तीच गोष्ट शून्य वेळा, एकदा, दोनदा, कितीही वेळा. या तिसऱ्या कृतीसाठी त्यांनी * वापरला. त्यांच्या लेखात तो दोन गोष्टींच्या मध्ये यायचा, ‘पहिली कितीही वेळा आणि मग दुसरी’ अशा अर्थाने. एकाच गोष्टीच्या मागे तारा लावण्याची आजची रीत नंतर रूढ झाली.

या तीन कृतींनी जे वर्णन करता येतं ते सगळं असं यंत्र ओळखू शकतं, हे त्यांनी सिद्ध केलं. उलट बाजूही सिद्ध केली. असं यंत्र जे ओळखू शकतं, ते सगळं या तीन कृतींनी लिहिता येतं. ना कमी, ना जास्त. संगणकशास्त्राच्या पुस्तकांत हाच ‘क्लेनीचा सिद्धांत’.

अशा वर्णनांना नाव काय द्यायचं हे काही त्यांना नीट सुचलं नाही. त्यांनी ‘रेग्युलर’ हा शब्द वापरला आणि याहून अर्थवाही शब्द कोणाला सुचला तर जरूर कळवा, अशी विनंती अहवालातच करून ठेवली. दुसरा शब्द काही रुजला नाही. हा अहवाल डिसेंबर १९५१ चा. तो सर्वांसाठी प्रसिद्ध झाला १९५६ मध्ये, क्लॉड शॅनन आणि जॉन मॅकार्थी यांनी संपादित केलेल्या एका संग्रहात.

कागदावरून कमांडपर्यंत

काही वर्षं हा विषय तर्कशास्त्रज्ञांच्या वर्तुळातच राहिला. तो प्रत्यक्ष कामाला जुंपला केन थॉम्पसन यांनी. १९६८ मध्ये त्यांनी एक छोटा लेख प्रसिद्ध केला. क्लेनी यांच्या चिन्हांत लिहिलेलं वर्णन घेऊन त्यातून आयबीएम ७०९४ या संगणकासाठी शोधयंत्र कसं तयार करायचं, हे त्यात होतं. मजकूर एकेक अक्षर पुढे सरकत जातो आणि वर्णनातल्या सगळ्या शक्यता त्याच्याबरोबर एकाच वेळी पुढे सरकतात. मागे फिरावं लागत नाही.

थॉम्पसन पुढे बेल लॅब्जमध्ये युनिक्स घडवणाऱ्यांपैकी एक झाले. युनिक्सच्या मजकूर संपादकात हे शोधणं आलं आणि तिथून १९७३ च्या सुमारास ‘ग्रेप’ ही कमांड. हजारो ओळींतून हव्या त्या ओळी काढून देणारी ही कमांड जगभरच्या अ‍ॅडमिन मंडळींच्या बोटांत बसली. नंतर पर्ल आली, पायथन आलं आणि रेग्युलर एक्स्प्रेशन प्रत्येक भाषेच्या पेटीतलं हत्यार झालं.

स्क्रिप्ट नियम कसे वेचते?

लिनक्सवर ‘आयपीटेबल्स’ला नियमांची यादी मागितली की ती रकान्यांत येते. आधी काय करायचं, म्हणजे स्वीकारा की टाका. मग प्रोटोकॉल, मग कुठून, मग कुठे आणि शेवटी पोर्टसारखे तपशील. विंडोजची यादी वेगळी दिसते. तिथे प्रत्येक नियम म्हणजे ओळींचा एक गठ्ठा असतो. डावीकडे नाव, मग विसर्गचिन्हासारखे दोन ठिपके आणि उजवीकडे किंमत.

क्लेनी यांच्या तीन कृती इथे सरळ कामाला येतात. शून्य किंवा एक किंवा दोन, असं करत नऊपर्यंत, हा झाला एक अंक. तो पुन्हा पुन्हा आला की संख्या. चार संख्या, मध्ये टिंबं, एकापाठोपाठ एक, हा झाला आयपी पत्ता. टीसीपी किंवा यूडीपी, हा प्रोटोकॉल. असे तुकडे जोडून एका ओळीचं वर्णन तयार होतं. पायथन प्रत्येक तुकड्याला नाव देऊ देतं, म्हणून जुळलेल्या ओळीतून ‘पोर्ट’, ‘पत्ता’, ‘कृती’ असे कप्पे आपोआप भरले जातात.

सोपं वाटतं, पण ठेचा इथेच लागतात. टिंब या चिन्हाचा रेग्युलर एक्स्प्रेशनमधला अर्थ ‘कोणतंही एक अक्षर’ असा आहे. खरं टिंब हवं असेल तर त्याच्या आधी उलटा तिरका दंड लागतो. वर्णनाची दोन्ही टोकं बांधली नाहीत तर १०.०.०.१ शोधताना १०.०.०.१५ सुद्धा जुळतो आणि अहवालात भलत्याच यंत्राचं नाव लागतं.

याहून घातक चूक म्हणजे आकड्याची अपेक्षा. आयपीटेबल्सला ‘आकडेच दाखव’ असं वेगळं सांगितलं नाही तर ती ओळखीच्या पोर्टचा क्रमांक न देता सेवेचं नाव छापते. बावीसच्या जागी ‘एसएसएच’ येतं. स्क्रिप्ट अंक शोधत असते, म्हणून ती ओळ जुळत नाही. जुळत नाही म्हणून गाळली जाते. तक्त्यात बावीस क्रमांकाचं दार कुठेच दिसत नाही आणि ऑडिट करणारा निर्धास्त होतो, जेव्हा दार सताड उघडं असतं.

उलटही घडतं. सविस्तर यादी मागितली नाही तर नियम कोणत्या नेटवर्क इंटरफेसला लागू आहे हा रकाना येतच नाही. यंत्राने स्वतःशीच बोलण्यासाठी असलेला निरुपद्रवी नियम मग ‘सगळ्यांना, सगळीकडून, सगळं चालेल’ असा वाचला जातो. शिवाय नियम वरून खाली तपासले जातात आणि परवानगी किंवा मनाई देणारा पहिला जुळणारा नियमच निकाल लावतो. म्हणून वेचताना त्यांचा क्रम हरवला तर उरलेला तक्ता बिनकामाचा.

जाणते लोक म्हणूनच दोन गोष्टी पाळतात. जी ओळ कोणत्याच वर्णनात बसली नाही, ती गुपचूप न गाळता वेगळी छापतात, म्हणजे माणसाची नजर तिच्यावर पडते. आणि जिथे शक्य आहे तिथे माणसांसाठी सजवलेली यादी वेचण्याऐवजी यंत्रासाठीचा मजकूर मागतात. आयपीटेबल्स आपले नियम कमांडच्याच रूपात छापून देऊ शकते. तिची धाकटी भावंड ‘एनएफटी’ तर थेट जेसन स्वरूपात यादी देते.

हे जेसन मात्र रेग्युलर एक्स्प्रेशनने वेचायला जाऊ नये, आणि त्याचं कारण पुन्हा क्लेनी यांच्या १९५१ च्या कामात आहे. जेसनमध्ये कंसात कंस असतात, त्यांच्या आत आणखी कंस. किती उघडले आणि किती बंद झाले हे मोजत राहावं लागतं आणि खोलीला मर्यादा नसते. मर्यादित आठवणीच्या यंत्राला अशी अमर्याद मोजणी जमत नाही. रेग्युलेटरला सकाळपासूनचे फेरे आठवत नाहीत, तसंच. त्यासाठी पायथनमध्ये जेसन वाचण्याचं वेगळं साधन आहे. ते वापरलं की कंसांचा हिशेब तेच ठेवतं.

तारा जेव्हा फायरवॉललाच पाडतो

२ जुलै २०१९ रोजी जगभरच्या असंख्य वेबसाइट एकदम बंद पडल्या. उघडू गेलं की ५०२ हा त्रुटीचा आकडा दिसायचा. त्या सगळ्या साइटपुढे क्लाउडफ्लेअर या कंपनीची यंत्रणा उभी होती. सायबर हल्ला झाला असावा अशी शंका आधी आली. कारण निघालं ते घरातलंच. वेबसाइटसाठीच्या त्यांच्या फायरवॉलमध्ये त्या दिवशी एक नवा नियम टाकला गेला होता आणि त्यातलं रेग्युलर एक्स्प्रेशन जगभरच्या सर्व्हरच्या प्रोसेसरला गुंतवून बसलं होतं. सुमारे २७ मिनिटं हा गोंधळ चालला.

दोष होता तो एकामागोमाग आलेल्या ताऱ्यांचा. ‘काहीही, कितीही वेळा’ असं लागोपाठ सांगितलं की कोणत्या ताऱ्याने किती अक्षरं घ्यायची याच्या वाटण्या खूप होतात. त्यांचं शोधयंत्र मागे फिरणाऱ्या जातीचं होतं. एक वाटणी जुळली नाही की परत मागे जाऊन दुसरी, मग तिसरी. मजकूर थोडा लांबला की फेऱ्या बेसुमार वाढतात. पायथनचं नेहमीचं साधनही याच जातीचं आहे, म्हणून फायरवॉलच्या याद्या वेचणाऱ्या स्क्रिप्टमध्ये एकात एक तारे ठेवणं धोक्याचं असतं.

क्लेनी यांच्या सिद्धांतात मागे फिरण्याची गरजच नव्हती. मर्यादित अवस्थांचं यंत्र प्रत्येक अक्षर एकदाच पाहतं आणि पुढे जातं. थॉम्पसन यांनी १९६८ मध्ये तेच करून दाखवलं होतं. पुढच्या काळातल्या बऱ्याच साधनांनी जास्तीच्या सोयी देण्यासाठी ती वाट सोडली. उदाहरणार्थ, आधी जुळलेला तुकडाच पुढे पुन्हा आला का हे तपासण्याची सोय. ही सोय क्लेनी यांच्या तीन कृतींच्या पलीकडची आहे आणि तिची किंमत वेळेत मोजावी लागते. त्या घटनेनंतर क्लाउडफ्लेअरनेही वेळेची हमी देणाऱ्या शोधयंत्राकडे वळायचं ठरवलं.

मॅडिसनची वर्षं

क्लेनी यांच्यासाठी १९५१ चा तो उन्हाळा तसा आडवाटेचा होता. त्यांचं मुख्य काम तर्कशास्त्रातच चाललं होतं. १९५२ मध्ये त्यांचा ‘इंट्रोडक्शन टू मेटामॅथेमॅटिक्स’ हा जाडजूड ग्रंथ आला. गोडेल, चर्च, ट्युरिंग यांनी तीसच्या दशकात जे शोधलं होतं ते विद्यार्थ्यांच्या कित्येक पिढ्या या पुस्तकातून शिकल्या.

डच गणितज्ञ ब्राउवर यांचं म्हणणं होतं की एखादी गोष्ट ‘आहे’ असं सांगायचं तर ती बांधून दाखवली पाहिजे. क्लेनी यांनी १९४५ मध्ये या विचाराची संगणनाशी गाठ घालून दिली. सिद्धतेतूनच आकडेमोडीची रीत काढता येते, या त्यांच्या कल्पनेवर पुढे संगणकशास्त्राची एक शाखा वाढली. त्यांचे विद्यार्थी रॉबर्ट कॉन्स्टेबल यांनी तिच्यात मोठं काम केलं.

प्रशासनही त्यांच्या वाट्याला आलं. ते गणित विभागाचे प्रमुख झाले आणि १९६९ ते १९७४ या काळात कला व विज्ञान महाविद्यालयाचे अधिष्ठाता. व्हिएतनाम युद्धाविरुद्धच्या आंदोलनांनी मॅडिसनचा परिसर तेव्हा पेटलेला होता. त्याच काळात, १९७० मध्ये, पत्नी नॅन्सी यांचं निधन झालं. १९७८ मध्ये त्यांनी जीन डॉन यांच्याशी लग्न केलं. पुढच्या वर्षी ते निवृत्त झाले.

१९८३ मध्ये अमेरिकन मॅथेमॅटिकल सोसायटीचा स्टील पुरस्कार आणि १९९० मध्ये राष्ट्रीय विज्ञान पदक, असे सन्मान त्यांना उतारवयात मिळाले. २५ जानेवारी १९९४ रोजी वयाच्या ८५ व्या वर्षी मॅडिसनमध्येच त्यांचं निधन झालं. पायथनची पहिली आवृत्ती येऊन तेव्हा तीनच वर्षं झाली होती.

आज एखादा अ‍ॅडमिन पन्नास सर्व्हरच्या याद्या वेचायला बसतो तेव्हा त्याला दोन गोष्टी क्लेनी यांच्याकडून मिळालेल्या असतात. एक म्हणजे तारा, ज्याच्या जोरावर आठवड्याचं काम काही मिनिटांत होतं. दुसरी म्हणजे त्या ताऱ्याची हद्द कुठे संपते याची सिद्धता. पहिली गोष्ट सगळेच वापरतात. तक्त्यातून गळलेली बावीस क्रमांकाच्या दाराची ओळ सापडते ती मात्र दुसरी लक्षात ठेवणाऱ्याला, कारण न जुळलेल्या ओळी तो शेवटी वेगळ्या काढून वाचतो.